२०१४ च्या आधीचे आकडे जुळत नाहीत, कारण प्रत्येकजण वेगळंच मोजतोय

तुझा प्रश्न असा की ओबामाकेअरच्या (ज्याने २०१४ पासून आजारपणावरून इन्शुरन्स नाकारणं बंद केलं तो कायदा) आधी अमेरिकेत स्वतः घेतलेल्या पॉलिसीवर आणि छोट्या कंपन्यांच्या ग्रुप पॉलिसीवर किती लोक होते याचे प्रत्येक ठिकाणी वेगळे आकडे मिळतात, थीसिसला कुठला घेऊ. एकच आकडा घेऊ नकोस. का ते माझ्याच २००७ सालावरून सांगतो.

राहायचो पेनसिल्वेनियात. मार्चमध्ये मोठ्या कंपनीतला जॉब गेला, दोन महिने कोब्रा (जॉब गेल्यावर जुन्या कंपनीचीच पॉलिसी पूर्ण हप्ता स्वतः भरून चालू ठेवायची सोय) भरला, मग झेपेना म्हणून सोडला, स्वतःची पॉलिसी घ्यायला गेलो तर बीपीची गोळी चालू आहे म्हणून अर्ज नामंजूर. सप्टेंबरात न्यू जर्सीतल्या आठ माणसांच्या फर्ममध्ये लागलो आणि तिथे मात्र इन्शुरन्स कंपनीला मला घ्यावंच लागलं, कारण १९९६ च्या हिपा कायद्यामुळे २ ते ५० माणसांच्या ग्रुपला इन्शुरन्स नाकारता येत नव्हता.

आता मला कुठे मोजणार? सेन्ससचा (जनगणना खात्याचा) सीपीएस सर्व्हे फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये मागच्या अख्ख्या वर्षाबद्दल विचारायचा, आणि वर्षभर अजिबात कव्हर नसेल तरच विनाविमा धरायचा, म्हणजे माझे ते चार महिने गेलेच. सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेचा एनएचआयएस सर्व्हे आज काय आहे ते विचारतो, ते लोक जुलैत आले असते तर मी विनाविमा. कोब्रावाला एम्प्लॉयरच्या खात्यात जातो. सर्व्हे मला पेनसिल्वेनियात धरतो, पण इन्शुरन्स कंपनी तिच्या रिपोर्टमध्ये न्यू जर्सीत, कारण पॉलिसी तिथे निघाली. तू राज्यवार तुलना करणार असशील तर हे फार जपून बघ.

कंपन्यांनी रेग्युलेटरला दिलेला डेटा मला जास्त भरवशाचा वाटतो, पण इंडिव्हिज्युअल (स्वतः घेतलेली), स्मॉल ग्रुप (छोट्या कंपन्या), लार्ज ग्रुप (मोठ्या कंपन्या) असं नीट वेगळं केलेलं २०१० सालापासूनच मिळतं, प्रीमियमचे किमान ८० टक्के (लार्ज ग्रुपला ८५) उपचारांवर खर्च करायच्या नियमासाठी ते लागणार होतं म्हणून. त्यात मेंबर-मंथ (एक माणूस एक महिना कव्हर म्हणजे एक) असतात, १२ ने भागायचं. कॅलिफोर्नियातले बरेच प्लॅन त्यात येत नाहीत, ते वेगळे काढावे लागतात. छोट्या कंपन्यांसाठी मेप्स या सरकारी पाहणीचा एम्प्लॉयर सर्व्हे चांगला आहे, फक्त २००७ साल त्यात नाहीच, आणि कर्मचाऱ्यांचे क्लेम स्वतःच्याच पैशातून भरणाऱ्या कंपन्या त्यात असतात पण इन्शुरन्सवाल्यांच्या रिपोर्टमध्ये नसतात, म्हणून दोन्ही जुळणार नाहीत.

पण माझा खरा आग्रह नाकारलेल्यांबद्दल आहे. बाजारात किती जण होते एवढंच मोजलंस तर दारातून परत पाठवलेले दिसतच नाहीत. जीएओच्या (अमेरिकी संसदेची ऑडिट संस्था) रिपोर्टप्रमाणे २०१० च्या पहिल्या तिमाहीत १९ टक्के अर्ज नाकारले गेले, आणि संसदेच्या समितीने चार मोठ्या कंपन्यांकडून माहिती मागवली तेव्हा २००७ ते २००९ मध्ये साडेसहा लाखांवर लोकांना आजारपणाच्या इतिहासावरून नकार दिल्याचं निघालं. एजंटने आधीच 'भरू नका' सांगितलेले यात नाहीतच. म्हणून २०१४ आधीचा सरासरी प्रीमियम हा निवडून घेतलेल्या निरोगी लोकांचा प्रीमियम आहे, तो नंतरच्या प्रीमियमशेजारी ठेवून 'एवढा वाढला' म्हणणं मला पटत नाही, अगदी मोठमोठ्या लोकांनी केलंय तरी. न्यूयॉर्क, न्यू जर्सीत १९९० च्या दशकापासून नाकारता येत नव्हतं, तिथले प्रीमियम आधीपासूनच भरमसाट होते, ती राज्यं वेगळ्या गटात टाक.

अजून एक, सीपीएसने प्रश्नच २०१४ मध्ये बदलले, तेव्हा २०१२ आणि २०१३ च्या आकड्यांना जोडून रेघ ओढू नकोस. बेसलाइन २०१३ ची घे, नव्या प्रश्नांवरची, आणि वय ६५ च्या खालचेच, नाहीतर मेडिकेअरला (म्हाताऱ्यांसाठीचा सरकारी विमा) जोडून पूरक पॉलिसी घेतलेले आजी-आजोबा 'स्वतः घेतलेली पॉलिसी'त येऊन बसतात.

सुरुवात न्यू जर्सीपासून कर, त्यांचे इंडिव्हिज्युअल आणि छोट्या एम्प्लॉयरचे तिमाही एनरोलमेंटचे आकडे १९९० च्या दशकापासूनचे आहेत. टेबल तयार झालं की इथे टाक, मी बघतो.