प्रोस्टेट काढलं, मग रेडिएशन कशाला?

"ग्रंथीच काढलीय, तर पीएसए येतो कुठून? आणि आलाय तो ०.३. इथं तर चारपर्यंत नॉर्मल छापलंय!" काकांनी रिपोर्ट पुढे सरकवला. प्रोस्टेटच्या कॅन्सरच्या ऑपरेशनला दोन वर्षं झाली होती, आता रेडिएशन सुचवलं होतं. त्यांच्यासारख्या जवळपास प्रत्येकाची पहिली शंका हीच असते.

पीएसए म्हणजे प्रोस्टेटच्या पेशी बनवतात ते प्रथिन, रक्तात मोजतात. चारचा आकडा ग्रंथी शाबूत असणाऱ्यांसाठी. ती काढल्यावर पीएसए जवळजवळ शून्यावर यायला हवा. तो ०.२ किंवा त्याच्या वर गेला आणि पुन्हा तपासूनही तसाच आला, तर कॅन्सरच्या काही पेशी शिल्लक आहेत असं धरतात.

"स्कॅनमध्ये काहीच नाही, मग नेम कशावर धरणार?" ग्रंथी होती त्या जागेवर. उरलेल्या पेशी बऱ्याचदा तिथंच असतात आणि इतक्या थोड्या, की पेट स्कॅनलाही सापडत नाहीत. त्या दिसेपर्यंत थांबणं महागात पडतं, पीएसए ०.५ च्या आत असताना रेडिएशन घेतलेलं बरं.

काकूंना नातीची काळजी. मशीनमधून बाहेरून दिलेलं रेडिएशन अंगात राहत नाही, खुशाल मांडीवर घ्या, म्हटलं.

काकू पाणी प्यायला बाहेर गेल्या तेव्हा काका हळूच बोलले. खोकला आला की अजून गळतं, पॅड लावावा लागतो. आणि इथं तर सहा-सात आठवडे, आठवड्यातून पाच दिवस, लघवी भरलेली ठेवून टेबलावर निजायचं! "तिथंच झाली तर?"

झाली तर पुसतात. तंत्रज्ञांना हे नवं नाही. मूत्राशय भरलेलं असलं की आतडं आणि त्याचा स्वतःचाही बराचसा भाग किरणांच्या वाटेतून बाजूला राहतो, म्हणून हा खटाटोप. पण ही गळती, रेडिएशनची आखणी करायला जो प्लॅनिंगचा स्कॅन काढतात, त्याच्याआधीच डॉक्टरांच्या कानावर घालायची. झेपेल तेवढंच पाणी ठरवता येतं. ओटीपोटाखालच्या स्नायूंचे व्यायामही सोडायचे नाहीत.

त्रास होणारच नाही, असं मी कुणालाही सांगत नाही. वारंवार लघवी, जळजळ, पातळ शौच हे सहसा ओसरतं. काहींना पुढे शौचातून रक्त जातं, गळती वाढते, ताठरता आणखी कमी होते. शेवटचं काकूंसमोर विचारायचं राहून जातं, म्हणून मीच काढते.

रेडिएशनसोबत हार्मोनचं औषध (पुरुषी हार्मोन दाबणारं) सगळ्यांना लागत नाही. लागलं तर कुणाला सहा महिने, कुणाला दोन वर्षं. तुमच्या बाबतीत काय, हे डॉक्टरांना विचारा, म्हटलं. काकांनी ते रिपोर्टच्या मागे लिहून घेतलं. वर गळतीचं लिहिलं.