नावाआधी नंबर शोधा
सैन्यात असलेल्या पणजोबांची नोंद शोधायची, तर नुसतं नाव घेऊन अभिलेखागार गाठू नका. एकाच नावाचे ढीगभर शिपाई निघतात, त्यात कारकुनानं स्पेलिंग काय केलं असेल देव जाणे! आधी घरातली ट्रंक उपसा. पहिल्या महायुद्धाचं गोल ब्रिटिश पदक सापडलं तर त्याची कड भिंगाखाली बघा. तिथे सहसा सैनिक क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण उमटवलेली असते. (घासून चकचकीत करू नका, अक्षरं झिजतात.) क्रमांक मिळाला की निम्मं काम झालं.

अभिलेखागारात सेवापुस्तिका नसेलच, तर कदाचित जळाली असेल. १९४० च्या बॉम्बहल्ल्यात लंडनला ब्रिटिश सैनिकांच्या आणि १९७३ च्या आगीत अमेरिकेतल्या सेंट लुइसला अमेरिकी सैनिकांच्या लाखो फाइली गेल्या. मग पेन्शनचे, पदकवाटपाचे कागद मागा. ते बऱ्याचदा वेगळ्या दप्तरात असतात.