चवथीआधीचे खड्डे आणि मार्चमधलं बजेट

प्रश्न : आमच्या पालिकेत दरवर्षी तेच, रस्त्यांना पैसा नाही. आणि चवथ (गणेश चतुर्थी) जवळ आली की भर पावसात खड्ड्यात खडी टाकून जातात, ती दिंडीसारखी रस्ताभर पसरते. गेल्या साली आमच्या गल्लीत हॉटमिक्स (गरम डांबर-खडीचा थर) झालं आणि लगेच पाईपलाईनसाठी खणलं. नगरसेवक म्हणतात वित्त आयोगाचा पैसा येतो पण तो रस्त्याला वापरता येत नाही. खरं आहे का हे? आणि छोट्या शहराने रस्त्यांचं बजेट करायचं तरी कसं?
– एक वाचक भगिनी, दक्षिण गोवा

उत्तर : ताई, तुमचे नगरसेवक अर्धं खरं बोलतायत. १५व्या वित्त आयोगाने २०२१ ते २६ या काळासाठी आपल्यासारख्या छोट्या शहरांना जे अनुदान दिलं त्यातलं ६० टक्के बांधील, म्हणजे पिण्याचं पाणी, कचरा, स्वच्छता यालाच. पण उरलेलं ४० टक्के मोकळं होतं, पगार आणि आस्थापना सोडून स्थानिक गरजेला ते वापरता येत होतं, त्यात रस्ते बसतात की! मग ते कुठे गेलं हे विचारा, आरटीआय टाकून विचारलं तर अजून बरं.

बाकी पालिकेचा स्वतःचा पैसा म्हणजे घरपट्टी, ट्रेड लायसन्स, बांधकाम परवाने, बाजारातला सोपो (विक्रेत्यांकडून घेतलं जाणारं शुल्क), आणि यातला बराचसा पगारातच संपतो हे काही खोटं नाही. म्हणूनच आधी कुठला रस्ता पालिकेचा आणि कुठला साबांखाचा (सार्वजनिक बांधकाम खात्याचा) ही यादी पक्की हवी, नाहीतर खड्डा पडला की दोघेही एकमेकांकडे बोट दाखवतात.

आता हिशोब. समजा पालिकेचे ३० किमी रस्ते आहेत आणि वरचा थर साधारण ५ वर्षं टिकतो असं धरलं, तर दरवर्षी ६ किमीचं डांबरीकरण करावंच लागणार, मग निवडणूक असो नसो. साडेतीन मीटर रुंद रस्त्यावर ३० मिमीचा थर टाकायचा तर १ किमीला १०५ घनमीटर, म्हणजे अडीचशे टनाच्या आसपास हॉटमिक्स लागतं. हा आकडा लक्षात ठेवा, टिपरच्या वजनाच्या पावत्या बघायला मिळाल्या तर गुणाकार घरबसल्या करता येतो 😊. आमच्याकडे बहुतेक ठिकाणी उलटं चालतं, प्रत्येक प्रभागाला सारखी रक्कम वाटून टाकायची, मग ज्याचा रस्ता चांगला आहे तिथेही थर चढतो आणि घरांचे उंबरे रस्त्याखाली जातात.

पण माझं विचाराल तर गोव्यात रस्त्याच्या बजेटची पहिली ओळ डांबराची नसावीच, गटारांची असावी. इथे वर्षाला ३००० मिमीच्या घरात पाऊस, पाणी रस्त्यावर तुंबलं की डांबर खडीला सोडतं, वरून गाड्या गेल्या की खडी उचकटते, झाला खड्डा. मे महिन्यात गटारं उपसायला आणि भेगा बुजवायला जो खर्च होतो तो नंतर अख्खा थर उखडून परत घालण्यापेक्षा खूप कमी असतो, तरी कात्री पहिली तिथेच लागते कारण गटार उपसल्याचं उद्घाटन करता येत नाही ना!

चवथीच्या खडीचंही तसंच. खड्डा चौकोनी कापून, कडा सरळ करून, आतली माती झाडून, डांबराचा पातळ हात मारून मग मिश्रण भरायचं आणि दाबायचं, तर ते राहणार. ओल्या खड्ड्यात गरम हॉटमिक्स टिकत नाही. पावसातल्या कामासाठी तयार थंड मिश्रणाच्या पिशव्या मिळतात, महाग पडतात, म्हणून त्यांची तरतूद मार्चमध्येच वेगळी करून ठेवायची.

खणण्याचं तर सगळ्यात सोपं आहे आणि तेच होत नाही. पाणी, वीज, मलनिस्सारण, केबलवाले, सगळ्यांना बजेटच्या आधी एका टेबलावर बसवायचं, यंदा कुठे खणणार ते लिहून घ्यायचं आणि त्या गल्ल्या हॉटमिक्सच्या यादीतून काढायच्या. रस्ता पूर्ववत करायचे जे पैसे भरून घेतात ते वेगळ्या खात्यात ठेवा, नाहीतर जनरल फंडात जातात आणि चर तसाच राहतो. तुमच्या गल्लीसाठी पैसे भरले होते का, किती, आणि ठेकेदाराची दोषदायित्वाची मुदत (ज्या काळात काम बिघडलं तर त्यानेच दुरुस्त करायचं) अजून चालू आहे का, एवढे तीन प्रश्न मुख्याधिकाऱ्यांना लेखी द्या, पोच घ्यायला विसरू नका.