दानात आलेले लॅपटॉप: वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरे

कंपन्यांकडून शाळांना मिळणारे लॅपटॉप आणि टॅब या विषयावर बरीच पत्रे आली. देणारे, घेणारे आणि पालक अशा तिन्ही बाजूंची निवडक पत्रे येथे घेतली आहेत.

प्रश्न : एका कंपनीने आमच्या शाळेला चाळीस जुने लॅपटॉप देऊ केले आहेत. होकार कळवण्याआधी काय पाहावे? (एक मुख्याध्यापिका)

बाई, होकाराआधी यादी मागवा. त्यात प्रत्येक यंत्राचे मॉडेल, प्रोसेसरची पिढी, रॅम, डिस्क फिरती आहे की एसएसडी (फिरता भाग नसलेली, चिपवर साठवणारी), बॅटरीची अवस्था आणि चार्जर सोबत आहे की नाही, एवढे हवेच. यादी हाती आली की आधी एकच गोष्ट मोजा : चाळीस लॅपटॉपांत मॉडेल किती आहेत? नऊ मॉडेल असतील तर चार्जर नऊ प्रकारचे, ड्रायव्हर (सुटे भाग चालवणारी छोटी सॉफ्टवेअर) नऊ प्रकारचे, आणि एकाचा सुटा भाग दुसऱ्याला बसणार नाही. आमचे स्पष्ट मत असे की चाळीस सरमिसळ लॅपटॉपांपेक्षा एकाच मॉडेलचे वीस घ्यावेत. त्यातले दोन बिघडले तरी दोघांचे भाग जोडून एक उभा राहतो.

सध्या कार्यालयांतून इतके लॅपटॉप बाहेर का पडत आहेत, हेही समजून घ्या. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा नेहमीचा आधार, म्हणजे सुरक्षेची अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० (यंत्रातली सुरक्षेची चिप) लागते, आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर ढोबळमानाने आठव्या पिढीचा किंवा नंतरचा. त्यामुळे सहाव्या-सातव्या पिढीची धडधाकट यंत्रे कंपन्यांना नकोशी झाली आहेत. तेवढ्यासाठी ती नाकारू नका. आठ जीबी रॅम आणि एसएसडी असेल तर लिनक्स मिंट ही मोफत कार्यप्रणाली (विंडोजऐवजी) त्यांवर छान चालते. चार जीबी असेल तर क्रोमओएस फ्लेक्स या गूगलच्या हलक्या कार्यप्रणालीचा विचार करा. मात्र फ्लेक्सवर प्ले स्टोअरची अँड्रॉइड ॲप चालत नाहीत. तुमचे शिकवण्याचे ॲप फक्त अँड्रॉइडचे असेल तर तो मार्ग बंद. यंत्रे घेण्याआधी वापरायच्या ॲपांची यादी करा, कारण पुष्कळ ठिकाणी हा क्रम उलटा होतो आणि मग लॅपटॉप कपाटात जातात.

बॅटरीसाठी विंडोजमधल्या पॉवरसीएफजी (powercfg) आज्ञेने अहवाल काढून मागा. मूळ क्षमता आणि आताची पूर्ण क्षमता असे दोन आकडे त्यात शेजारी असतात. दुसरा पहिल्याच्या साठ टक्क्यांखाली असेल तर ते यंत्र वर्गात प्लगला जोडून वापरायचे, घरी द्यायचे नाही.

एक छोटी गोष्ट. लॅपटॉप सुरू होतो, वाय-फाय जोडला जातो, पण प्रत्येक संकेतस्थळ ‘जोडणी सुरक्षित नाही’ म्हणून अडवते, असे झाले तर आधी तारीख पाहा. आतली नाण्याएवढी बॅटरी (बहुधा सीआर२०३२, तीन व्होल्टची) संपली की घड्याळ काही वर्षे मागे जाते, आणि मग संकेतस्थळांची प्रमाणपत्रे त्याला अवैध वाटू लागतात. किरकोळ किमतीची बॅटरी बदलून काम भागते. ‘नेट बिघडले’ म्हणून लॅपटॉप बाजूला ठेवू नका.

प्रश्न : आमची कंपनी १२० लॅपटॉप आणि काही टॅब शाळांना देणार आहे. डेटा पुसण्यासाठी फॉरमॅट पुरेसे आहे का? (आयटी विभागातील एक कर्मचारी)

नाही. झटपट फॉरमॅटने फक्त फाइलींची अनुक्रमणिका जाते, मजकूर जागेवरच राहतो. फिरत्या डिस्कवर सगळ्या भागावर एकदा नवे लिखाण करणे पुरते. सात-सात फेऱ्या मारण्यात फक्त रात्री वाया जातात. एसएसडीचा स्वभाव वेगळा. झीज सारखी व्हावी म्हणून ती लिखाण वेगवेगळ्या जागी हलवत राहते, त्यामुळे वरून लिहिले तरी काही कप्पे अस्पर्श राहतात. तिच्यासाठी डिस्कमध्येच असलेली सिक्युअर इरेज किंवा सॅनिटाइज आज्ञा वापरा. डिस्क पहिल्या दिवसापासून बिटलॉकरने (विंडोजमधल्या कूटबद्ध करण्याच्या सोयीने) कूटबद्ध असेल तर किल्ली कायमची नष्ट करणे हाही मान्य मार्ग आहे. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेची ८००-८८ ही मार्गदर्शिका याच कामासाठी आहे. प्रत्येक यंत्राच्या अनुक्रमांकासह पुसल्याचा दाखला बनवा आणि त्याची एक प्रत शाळेलाही द्या.

धोका नको म्हणून डिस्कच काढून घेऊन रिकामे लॅपटॉप देणाऱ्या कंपन्या आहेत. शाळेला मग प्रत्येकासाठी डिस्क विकत घ्यावी लागते. असे दान करण्यापेक्षा न केलेले बरे.

खरी गफलत मात्र डेटात होत नाही, नोंदणीत होते. कंपनीचे लॅपटॉप ऑटोपायलटमध्ये (कंपनीची यंत्रे दुरून मांडण्याच्या मायक्रोसॉफ्टच्या सेवेत) नोंदलेले असतील तर सगळे पुसून, नवे विंडोज टाकूनही पहिल्याच पडद्यावर ‘कंपनीच्या खात्याने प्रवेश करा’ असे येते. नोंद काढणे फक्त तुमच्याच हातात आहे, शाळेला ते करता येत नाही. तेच बायोसच्या (विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या, यंत्रातच असलेल्या प्रणालीच्या) पासवर्डचे आणि चोरीनंतर माग काढणाऱ्या सॉफ्टवेअरचे. आयपॅड असेल तर फाइंड माय (हरवलेले यंत्र शोधण्याची सोय) बंद करा आणि कंपन्यांच्या यंत्रांची नोंद ठेवणाऱ्या ॲपल बिझनेस मॅनेजरमधून यंत्र मोकळे करा. क्रोमबुक आधी व्यवस्थापन कन्सोलमधून कमी करा, मगच पुसा. अँड्रॉइड टॅबवरचे गूगल खाते रीसेट करण्याआधी सेटिंगमध्ये जाऊन काढा. नाहीतर रीसेटनंतर तो जुन्याच मालकाचा पासवर्ड मागत बसेल, आणि तो कर्मचारी तोवर नोकरी सोडून गेलेला असेल.

तपासणी सोपी आहे. पुसलेले यंत्र वाय-फायला जोडून पहिल्या मांडणीचे सगळे पडदे शेवटपर्यंत पार करा. कुठेही कंपनीचे नाव दिसले तर नोंद शिल्लक आहे. ही तपासणी दर यंत्रावर करा, नमुन्यादाखल चार यंत्रांवर नको.

परवान्याचेही पाहा. कंपनीचा एंटरप्राइज परवाना यंत्रासोबत जात नाही. विंडोज ८ पासून पुढच्या बहुतेक लॅपटॉपांत मूळ परवान्याची किल्ली बायोसमध्येच असते; त्याच आवृत्तीचे, म्हणजे होमला होम आणि प्रोला प्रो, विंडोज बसवले की ते आपोआप सक्रिय होते.

प्रश्न : तीस टॅब मिळाले, इंटरनेटही घेतले, पण सगळ्यांनी व्हिडिओ लावला की सगळेच थांबतात. वेगवान जोडणी घ्यावी का? (एक शिक्षक)

सर, आधी हिशेब मांडू. साधारण स्पष्ट व्हिडिओला सेकंदाला एक मेगाबिट धरला तरी एका मुलाचे तासाला ४५० एमबी होतात. तीस मुलांचे साडेतेरा जीबी, तेही एका तासात. जोडणी किमान ३० एमबीपीएसची आणि तीही सलग तेवढा वेग देणारी हवी, जे क्वचितच घडते. शिवाय घरगुती राउटर इतकी उपकरणे एकदम सांभाळताना दमतो, त्यामुळे जोडणी वेगवान असूनही वर्ग अडतो.

तोच धडा तीस वेळा बाहेरून ओढण्याऐवजी एकदा आणून शाळेतच ठेवा. लर्निंग इक्वालिटी या संस्थेचे कोलिब्री हे मोफत सॉफ्टवेअर यासाठीच आहे. रास्पबेरी पाय हा एक छोटा स्वस्त संगणक (मॉडेल ४, चार जीबी) किंवा दानातलाच एखादा बरा लॅपटॉप सर्व्हर म्हणून ठेवायचा. चांगल्या जोडणीच्या ठिकाणी धडे उतरवून घ्यायचे, पेन ड्राइव्हने आणायचे, सर्व्हर केबलने वाय-फाय ॲक्सेस पॉइंटला (वर्गात वाय-फाय पुरवणाऱ्या उपकरणाला) जोडायचा. मुले टॅबच्या ब्राउझरमधून त्याचा पत्ता उघडतात, इंटरनेट लागत नाही. शिक्षकाला वर्ग, पाठ आणि चाचण्या लावता येतात, कोण कुठे अडले तेही दिसते. इंटरनेटशिवाय विकिपीडिया वाचण्यासाठी किविक्स हे सॉफ्टवेअर आहे. हवा तो अभ्यासक्रम तुमच्या भाषेत आहे का, हे उतरवण्याआधी पाहा. सगळे विषय सगळ्या भाषांत नसतात.

दोन चुका हमखास होतात. रास्पबेरी पायच्या स्वतःच्या वाय-फायवर तीस टॅब लादले जातात. त्याचा अँटेना त्यासाठी नाही, वेगळा ॲक्सेस पॉइंट घ्या. आणि सगळे धडे स्वस्त मेमरी कार्डवर ठेवले जातात. वीज अचानक गेली की तेच आधी खराब होते. यूएसबीची एसएसडी वापरा आणि सर्व्हरला छोटी बॅटरी-बॅकअप द्या.

आणखी एक : सुट्टीनंतरच्या पहिल्या तासाला सगळे टॅब एकदम अपडेट मागतात. तो दिवस येण्याआधीच दहा-दहाच्या गटांनी ते उरकून घ्या.

प्रश्न : मुलीला मिळालेल्या टॅबमध्ये ‘व्यवस्थापन’ नावाचे ॲप आहे, ते काढता येत नाही. घरात कोणी आमच्यावर नजर ठेवू शकते का? (एक पालक)

शंका रास्त आहे. २०१० मध्ये अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनियातील लोअर मेरियन शाळा-जिल्ह्यावर खटला झाला होता. मुलांना दिलेल्या लॅपटॉपात चोरीचा माग काढण्याची सोय होती, आणि तिने वेबकॅमची छायाचित्रे व पडद्याची चित्रे अशी पन्नास हजारांहून अधिक टिपली होती. जिल्ह्याने ६,१०,००० डॉलर देऊन प्रकरण मिटवले.

सामान्य व्यवस्थापन ॲपचे काम ॲप बसवणे, काही संकेतस्थळे रोखणे आणि हरवलेले यंत्र कुलूपबंद करणे एवढेच असते. तरी शाळेकडून लेखी घ्या : ठिकाण कधी पाहिले जाते, कॅमेरा दुरून सुरू होऊ शकतो का, नोंदी कोण पाहतो, किती दिवस ठेवतो. ही सूत्रे शाळेकडे असावीत, देणाऱ्या कंपनीकडे नाहीत. कंपनीला टॅब किती वापरले गेले एवढे कळले तरी पुरे. मुलांची नावे आणि गुण तिला लागत नाहीत. कॅमेऱ्यावर कागदाची पट्टी लावायला कोणाची परवानगी लागत नाही.

प्रश्न : तीस लॅपटॉप एकाच खोलीत चार्ज करणे सुरक्षित आहे का? आणि लांबच्या सुट्टीत काय करावे? (शाळा समितीचे एक सदस्य)

प्रत्येकी ६५ वॅटचे तीस चार्जर म्हणजे १,९५० वॅट. एका विस्तार-पट्टीला दुसरी, तिला तिसरी अशी साखळी करून हा भार टाकला की पट्टीचे टोक वितळते. दहा-दहाच्या गटांनी चार्ज करा, प्रत्येक गटाला भिंतीतला वेगळा सॉकेट द्या, आणि बंद लोखंडी कपाटात चार्जिंग करू नका. उष्णता बाहेर पडायला वाट हवी. टचपॅड वर उचलला गेला किंवा झाकण नीट बसेनासे झाले तर बॅटरी फुगली आहे. ते यंत्र लगेच बंद करा, चार्जिंगला लावू नका, दाबू-टोचू नका, आणि वेगळे ठेवून ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्या.

सुट्टीत बॅटरी साधारण निम्मी भरलेली ठेवा. पूर्ण भरून ठेवली तर लवकर म्हातारी होते, रिकामी ठेवली तर उठतच नाही. महिन्याने एकदा पाहा.

सुटे भाग मागायचे तर चार्जर आधी मागा. पिन आणि चार्जिंगचा सॉकेट हेच सर्वांत आधी जातात. दहा यंत्रांमागे दोन जादा चार्जर ठेवा.

प्रश्न : आम्ही यंत्रे दिली की मुलांचे गुण वाढतील, असे अहवालात लिहू शकतो का? (कंपनीतील सामाजिक उपक्रमांचे एक अधिकारी)

लिहू नका. पेरू देशात ‘दर मुलामागे एक लॅपटॉप’ योजनेचा ३१९ ग्रामीण शाळांत अभ्यास झाला. इंटर-अमेरिकन डेव्हलपमेंट बँकेने तो २०१२ मध्ये मांडला. मुलांचा संगणकाचा वापर पुष्कळ वाढला, पण गणित आणि भाषेच्या गुणांत फरक आढळला नाही. अहवालात यंत्रांची संख्या लिहिण्यापेक्षा सहा महिन्यांनी किती चालू आहेत आणि मूल आठवड्याला किती तास त्यांवर शिकते, हे लिहा. त्यासाठी निधीचा काही भाग दुरुस्ती, जोडणी आणि शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी आधीच बाजूला काढावा लागेल. सगळी रक्कम यंत्रांवर खर्च करून फोटो काढणाऱ्यांना वर्षाने काहीच मोजता येत नाही.

प्रश्न : परदेशातील शाखेचे जुने लॅपटॉप शाळांसाठी इकडे पाठवता येतील का?

तपासणीशिवाय नाही. घातक कचऱ्याच्या सीमेपार वाहतुकीवरील आंतरराष्ट्रीय बासेल करारातील दुरुस्तीनुसार १ जानेवारी २०२५ पासून सर्व प्रकारचा ई-कचरा सीमेपार नेण्यासाठी संबंधित देशांची पूर्वसंमती लागते. चालू यंत्र कचरा ठरू नये म्हणून प्रत्येकाची चाचणी, अनुक्रमांकानुसार नोंद आणि वाहतुकीत मोडणार नाही असे पॅकिंग लागते. शिवाय दोन्ही देशांचे आयात-निर्यातीचे नियम आहेतच. एवढा खटाटोप आणि वाहतुकीचा खर्च पाहता, ती यंत्रे तिथल्याच शाळांना द्यावीत आणि इथल्या मुलांसाठी इथेच खरेदी करावी, असे आम्ही सुचवतो.