वाचकांचे प्रश्न : सैंधव, खडे मीठ आणि आयोडीन

रोजच्या जेवणातील मीठ कोणते असावे आणि थायरॉइडच्या विकारांशी त्याचा संबंध काय, याविषयी वाचकांकडून आलेल्या पत्रांतील काही प्रश्न या वेळी उत्तरासाठी घेतले आहेत. एकाच आशयाची पत्रे एकत्र केली असून व्यक्तिगत तपशील गाळले आहेत.

प्रश्न : गेली दोन वर्षे आमच्या घरी रोजच्या स्वयंपाकात गुलाबी सैंधवच वापरतात. ते नैसर्गिक असल्यामुळे त्यात सर्व खनिजे असतात, असे आम्हाला सांगण्यात आले होते. आता सुनेला तिसरा महिना सुरू आहे आणि तिच्या डॉक्टरांनी साधे आयोडीनयुक्त मीठ वापरायला सांगितले आहे. एवढ्यासाठी मीठ बदलणे खरोखर आवश्यक आहे का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : आवश्यक आहे, आणि तो बदल लगेच करावा. सैंधव हे प्राचीन समुद्र आटून जमिनीखाली राहिलेले मीठ आहे. त्याचा गुलाबी रंग मुख्यतः त्यातील लोहाच्या अंशामुळे येतो. त्यात इतर खनिजे असतात हे खरे, परंतु आपण दिवसाकाठी जे काही ग्रॅम मीठ खातो त्यातून मिळणारा त्यांचा अंश इतका अल्प असतो की पोषणाच्या हिशेबात तो धरताच येत नाही. ज्या एका घटकासाठी मिठाकडे पाहायचे, ते आयोडीन मात्र नैसर्गिक सैंधवात जवळजवळ नसते. एकादशीला किंवा श्रावणातल्या सोमवारी उपासाच्या पदार्थांत सैंधव घातल्याने काहीही बिघडत नाही. अडचण आहे ती उपासाचे मीठ बारा महिन्यांचे झाल्याची. गेल्या काही वर्षांत ही टूम शहरी सुशिक्षित घरांत अधिक शिरली आहे, आणि ज्या घरांना पोषणाचे महत्त्व कळते त्याच घरांतून आयोडीन हद्दपार व्हावे, ही गोष्ट मला चिंतेची वाटते.

गर्भारपणात हे महत्त्वाचे का, ते थोडे सविस्तर सांगतो. गळ्याच्या पुढच्या भागात असलेली थायरॉइड ग्रंथी जे संप्रेरक बनवते, त्याच्या टी-४ या मुख्य रूपाच्या प्रत्येक रेणूत आयोडीनचे चार अणू असतात आणि त्या रेणूच्या वजनाचा सुमारे ६५ टक्के भाग आयोडीनचाच असतो. दुसऱ्या कोणत्याही मूलद्रव्याने ही जागा भरून निघत नाही. गर्भाची स्वतःची ग्रंथी साधारण बाराव्या आठवड्यानंतर हळूहळू कामाला लागते. तोपर्यंत त्याच्या मेंदूच्या जडणघडणीसाठी लागणारे संप्रेरक संपूर्णपणे आईच्या रक्तातून येते. म्हणजे आईच्या ग्रंथीला स्वतःबरोबर बाळासाठीही काम करावे लागते, आणि याच काळात तिच्या मूत्रावाटे आयोडीन जास्त प्रमाणात बाहेर पडते. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढ व्यक्तीसाठी दररोज १५० मायक्रोग्रॅम आयोडीनची शिफारस केली असली, तरी गर्भवती आणि स्तनदा मातांसाठी ती २५० मायक्रोग्रॅम ठेवली आहे.

ही गरज फार मोठ्या प्रमाणात भागली नाही तर गर्भपात, मृतजन्म, तसेच मूकबधिरपणा, खुजेपणा आणि तीव्र मतिमंदत्व घेऊन जन्मणारे मूल, इथपर्यंत परिणाम होऊ शकतात. सौम्य कमतरतेत असे ठळक काही दिसत नाही. मूल दिसायला निरोगी असते, पण त्याची शिकण्याची आणि लक्ष देण्याची क्षमता जितकी व्हायला हवी होती तितकी होत नाही, आणि हे नुकसान पुढे भरून काढणे कठीण असते. आपल्या सुनेच्या बाबतीत घाबरून जाण्याचे कारण नाही. दूध, दही, अंडी आणि खात असल्यास मासे यांतूनही तिला काही आयोडीन मिळालेले असणार, आणि शिवाय थायरॉइड ग्रंथी स्वतःजवळ साठाही राखून असते. सैंधवाच्या वापराविषयी तिच्या डॉक्टरांना स्पष्ट सांगावे आणि टीएसएच (थायरॉइडला कामाला लावणारे संप्रेरक) या रक्ततपासणीची नोंद झाली नसल्यास ती करून घ्यावी. गर्भारपणात सरकारी केंद्रांतून मिळणाऱ्या लोह व फॉलिक अ‍ॅसिडच्या गोळ्यांत आयोडीन नसते, हेही लक्षात असू द्यावे. मात्र आयोडीनचे थेंब किंवा समुद्रशेवाळाच्या गोळ्या आपल्या मनाने सुरू करू नयेत.

बाळाच्या जन्मानंतर, शक्यतो ४८ तासांनी, टाचेतून रक्ताचा थेंब घेऊन टीएसएच तपासण्याची सोय रुग्णालयात आहे का, हे आधीच विचारून ठेवावे. जन्मजात थायरॉइडच्या कमतरतेचे कारण पुष्कळदा आयोडीनचा अभाव नसून ग्रंथीची अपुरी वाढ हे असते. तरीही पहिल्या दोन आठवड्यांत उपचार सुरू झाले तर मुलाची बौद्धिक वाढ सर्वसाधारण होऊ शकते.

प्रश्न : गलगंड हा हिमालयाच्या पायथ्याचा आजार आहे, असे आम्ही शाळेत शिकलो. मग महाराष्ट्रासह साऱ्या देशावर आयोडीनयुक्त मिठाची सक्ती कशासाठी? ज्याला हवे त्याने घ्यावे, असे का नाही? (एक निवृत्त शिक्षक, सातारा)

उत्तर : आपण शिकलात ते चूक नव्हते, अपुरे होते. आयोडीन मुळात समुद्रातून हवेत जाते आणि पावसाबरोबर जमिनीवर उतरते. डोंगराळ प्रदेशात हिमनद्या, पाऊस आणि पूर यांनी मातीचा वरचा थर वारंवार धुऊन नेला, त्याबरोबर आयोडीनही गेले, आणि अशा मातीत उगवलेल्या धान्यात व भाजीत ते उतरेनासे झाले. हिमालयाच्या पट्ट्यात हे सर्वांत ठळक दिसले, कारण तिथे गावोगाव माणसांचे गळे सुजलेले होते.

मिठातून आयोडीन देण्याचा उपाय भारतात ज्या पाहणीने सिद्ध झाला, ती डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ साली कांगडा खोऱ्यात सुरू केली. आज हिमाचल प्रदेशात असलेले हे खोरे त्या वेळी पंजाबात होते. सुमारे एक लाख लोकवस्तीच्या भागाचे त्यांनी तीन विभाग केले. एका विभागाला पोटॅशियम आयोडाइड घातलेले मीठ, दुसऱ्याला पोटॅशियम आयोडेट घातलेले मीठ आणि तिसऱ्याला नुसते साधे मीठ पुरवले. काही वर्षांनी पाहिले तेव्हा आयोडीन मिळालेल्या दोन्ही विभागांत गलगंडाचे प्रमाण स्पष्टपणे घटले होते, साध्या मिठाच्या विभागात तसे झाले नव्हते. त्यानंतर तिसऱ्या विभागालाही आयोडीनयुक्त मीठ देण्यात आले आणि तिथलेही प्रमाण उतरू लागले. केवळ माती आणि मीठ यांच्याशी निगडित असलेला हा आजार स्वस्त उपायाने आवरता येतो, हे इतक्या नेटक्या रीतीने दाखवणारी उदाहरणे सार्वजनिक आरोग्याच्या इतिहासात फार नाहीत.

१९६२ साली सुरू झालेला राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरुवातीला हिमालयाच्या पट्ट्यापुरताच होता. पुढच्या पाहण्यांत मात्र गुजरातेतील भरूच, महाराष्ट्रातील औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) अशा, पर्वतरांगांपासून दूर असलेल्या जिल्ह्यांतही गलगंड आढळला. तेव्हा एखाद्या भागाला सुरक्षित आणि एखाद्याला बाधित ठरवून मीठ वाटणे निरर्थक झाले. १९८४ मध्ये खाण्याचे सर्वच मीठ आयोडीनयुक्त करण्याचा निर्णय झाला, १९८६ पासून त्याची टप्प्याटप्प्याने अंमलबजावणी सुरू झाली, आणि १९९२ मध्ये कार्यक्रमाच्या नावातला गलगंड जाऊन तिथे ‘आयोडीन न्यूनता विकार’ आले. हा बदल योग्यच होता, कारण गळ्यावरची सूज डोळ्यांना दिसते म्हणून तिची चर्चा होते, खरे नुकसान मात्र मेंदूचे असते.

सक्तीविषयी आपण उपस्थित केलेला आक्षेप नवा नाही. आयोडीनविरहित खाद्यमिठाच्या विक्रीवरील देशव्यापी बंदी सप्टेंबर २००० मध्ये याच युक्तिवादापुढे मागे घेण्यात आली होती आणि मे २००६ पासून ती पुन्हा लागू झाली. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने अन्नभेसळ प्रतिबंधक कायद्याखाली अशी सक्ती करता येत नाही, असा निर्णय दिला. मात्र त्यानंतर नव्या अन्नसुरक्षा कायद्याखालील नियमांत ही तरतूद आली आणि आज ती त्या नियमांनुसार चालू आहे. माझे मत विचाराल तर, ज्याला हवे त्याने घ्यावे हे तत्त्व प्रौढ माणसाच्या स्वतःपुरत्या निवडीला लागू पडते. इथे घरातल्या मिठाचा निर्णय एक जण घेतो आणि त्याचा परिणाम ज्याच्या मेंदूवर होतो ते मूल अजून जन्मलेलेही नसते. म्हणून सक्ती मला समर्थनीय वाटते.

प्रश्न : आम्ही वेंगुर्ल्याकडचे. समुद्र दाराशी आहे, जेवणात रोज मासळी असते आणि मीठही जवळच्या मिठागरातले. आम्हाला वेगळ्या आयोडीनची गरज काय? (एक वाचक, सिंधुदुर्ग)

उत्तर : मासळीविषयीचे आपले म्हणणे बरोबर आहे. समुद्रातील मासे, कोळंबी आणि शिंपल्या हे आयोडीनचे उत्तम स्रोत आहेत, आणि त्या नियमित खाणाऱ्या घरात मोठी कमतरता होण्याचा संभव कमी. मिठाविषयी मात्र तसे म्हणता येत नाही. समुद्राच्या पाण्यात आयोडीन असले, तरी मिठागरात पाणी आटून जे खडे तयार होतात त्यांत ते फारसे उरत नाही. मीठ समुद्राचे की खाणीचे, हा फरक आयोडीनच्या दृष्टीने नाममात्र आहे. ते बाहेरूनच घालावे लागते. शिवाय घरात सगळेच मासळी खातात असे नाही. श्रावण पाळणारे, शाकाहारी सुना, मासळीला तोंड न लावणारी मुले यांचा वाटा मिठावरच अवलंबून राहतो. मिठागरातले मीठ मासे खारवण्यासाठी खुशाल वापरावे. आमटी-भाजीत आयोडीनयुक्त मीठ असू द्यावे.

प्रश्न : जन्मभर आयोडीनयुक्त मीठ खाऊनही मला चाळिशीत थायरॉइड कमी असल्याचे निदान झाले. काही जण म्हणतात, या मिठामुळेच घरोघरी थायरॉइडचे रुग्ण वाढले. मी ते बंद करावे का? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : बंद करू नये, आणि गोळी तर मुळीच बंद करू नये. आयोडीन पुरेसे असलेल्या समाजात थायरॉइडची कमतरता बहुधा हाशिमोटो या विकाराने येते. त्यात शरीराची प्रतिकारशक्तीच ग्रंथीवर उलटते. स्त्रियांत तो अधिक आढळतो आणि पुष्कळदा घराण्यात चालत आलेला असतो. अशा वेळी कच्चा माल मिळतो, पण कारखानाच दुबळा झालेला असतो. म्हणून जादा आयोडीन घेऊन हा आजार बरा होत नाही आणि आयोडीन तोडूनही नाही. आपल्या गोळीतील लिव्होथायरॉक्सिन म्हणजे तयार टी-४ आहे. ती सकाळी अनशापोटी पाण्याबरोबर घ्यावी, आणि लोहाच्या वा कॅल्शियमच्या गोळ्या तिच्यानंतर किमान चार तासांनी घ्याव्यात. टीएसएच आटोक्यात न येण्याचे कारण पुष्कळदा एवढेच निघते.

या मिठावर घेतला जाणारा आक्षेप अगदीच निराधार आहे असे मात्र म्हणता येणार नाही. डेन्मार्कने २००० साली घरगुती मिठात आणि पावाच्या मिठात आयोडीन सक्तीचे केल्यावर तेथे थायरॉइडच्या कमतरतेच्या नव्या रुग्णांत काहीशी वाढ नोंदवली गेली. ज्यांच्या गळ्यात वर्षानुवर्षांच्या गाठी आहेत अशा वृद्धांत आयोडीन एकदम वाढल्यास ग्रंथी अतिकार्यक्षम होऊ शकते, हेही ठाऊक आहे. म्हणूनच मिठातील मात्रा मर्यादित ठेवलेली असते. प्रौढांसाठी सुरक्षित मानलेली कमाल मर्यादा दिवसाला सुमारे ११०० मायक्रोग्रॅम धरली जाते आणि नेहमीच्या जेवणातल्या मिठाने तिच्या जवळपासही पोहोचत नाही. समुद्रशेवाळाच्या गोळ्यांनी मात्र सहज पोहोचता येते.

प्रश्न : आमच्याकडे वर्षभर बाजरीची भाकरी असते, हिवाळ्यात कोबी-फ्लॉवर. यांनी थायरॉइड बिघडतो का? (एक वाचक, धुळे)

उत्तर : बाजरीतील काही घटक आणि कोबी, फ्लॉवर, मुळा, मोहरी यांतील काही द्रव्ये थायरॉइडच्या कामात किंवा आयोडीनच्या वापरात अडथळा आणू शकतात, हे खरे. सुदानमध्ये बाजरीवर जगणाऱ्या लोकांतील गलगंडाचा अभ्यासही झालेला आहे. पण हा अडथळा जाणवतो तो आयोडीन मुळातच कमी असताना. ते पुरेसे असेल तर बाजरीची भाकरी सोडण्याची काहीही गरज नाही. कोबीवर्गीय भाज्या शिजवून खाल्ल्या की त्यांचा हा परिणाम बराच कमी होतो.

प्रश्न : रक्तदाबामुळे मीठ कमी करायला सांगितले आहे, मग आयोडीन कमी पडणार नाही का? आणि लोणच्याला आयोडीनचे मीठ चालते का? (एक वाचक, सोलापूर)

उत्तर : विक्रेत्याकडच्या मिठात आयोडीन किमान १५ पीपीएम असावे लागते. म्हणजे एका ग्रॅममध्ये १५ मायक्रोग्रॅम. दिवसाला दहा ग्रॅम मीठ खाणाऱ्याला यातून १५० मायक्रोग्रॅम मिळतात. जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेल्या पाच ग्रॅमच्या मर्यादेत राहणाऱ्याला किमान प्रमाणाच्या मिठातून ७५ मायक्रोग्रॅमच मिळतील. उरलेले दूध, दही, अंडी, मासळी यांतून घ्यावे. तेव्हा मीठ अवश्य कमी करा, पण जे खाल ते आयोडीनयुक्तच असू द्या. सोडियम कमी केलेले पोटॅशियमयुक्त मीठ मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

लोणच्याला हे मीठ चालते. इतक्या अल्प आयोडीनने त्याचा रंग किंवा चव बदलत नाही. आपल्याकडे मिठात पोटॅशियम आयोडेट घालतात, कारण ते दमट हवेतही टिकते. तरीही ओल, ऊन आणि दीर्घकाळ उकळणे यांनी काही आयोडीन उडून जाते. मीठ शेगडीपासून दूर, घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवावे, कोरडा चमचा वापरावा आणि शक्य तिथे ते शिजवण्याच्या शेवटी घालावे. खडे मीठ घेताना पिशवीवर ते आयोडीनयुक्त असल्याचा उल्लेख आहे का, हे पाहावे, कारण जनावरांसाठी, खारवण्यासाठी आणि उद्योगांसाठी विकल्या जाणाऱ्या मिठाला आयोडीनची सक्ती नाही आणि तेच पुष्कळदा किराणा दुकानात सुट्या पोत्यातून विकले जाते. शंका असल्यास गावातल्या आशाताईंकडे मीठ तपासण्याचे छोटे किट आहे का, ते विचारावे. चिमूटभर मिठावर त्यातील द्रावणाचा थेंब टाकला असता आयोडीन असल्यास मीठ जांभळे होते.