‘लोकल ट्रान्सलेशन’: भाषांतर, भाषांतरण की स्थानांतरण?

प्रश्न असा आहे: चेतापेशींवरच्या एका लेखात ‘अक्षतंतूतील स्थानिक भाषांतर’ (अक्षतंतू म्हणजे चेतापेशीचा लांब धागा, ॲक्सॉन) असं वाचलं, दुसरीकडे त्यालाच ‘स्थानांतरण’ म्हटलेलं दिसलं. बरोबर काय?

‘स्थानांतरण’ इथे सरळ चूक. मराठी पाठ्यपुस्तकांत तो शब्द ‘ट्रान्सलोकेशन’ला दिलेला आहे: पेशीतलं प्रथिनं बांधणारं यंत्र, म्हणजे रायबोझोम, एमआरएनएवर (डीएनएवरून उतरवलेल्या संदेशाच्या प्रतीवर) एका कोडॉनने, म्हणजे तीन अक्षरांनी, पुढे सरकतो ती क्रिया. ‘ट्रान्सलेशन’ म्हणजे भाषांतरण: एमआरएनएवरचा मजकूर वाचून प्रथिन बनवणं. रूपक चपखल आहे. डीएनएवरून आरएनए उतरवताना थायमिन या अक्षराच्या जागी युरॅसिल येतं, बाकी भाषा तीच, म्हणून ते प्रतिलेखन. चार अक्षरांतला तो मजकूर प्रथिनाच्या घटकांत, २० अमिनो आम्लांत, उतरतो तेव्हा भाषाच बदलते. शेवटचा ‘ण’ मात्र गाळू नये. ‘स्थानिक भाषांतर’ म्हटलं की मजकूर बोलीत उतरवल्यासारखं वाटतं.

खरी पंचाईत ‘स्थानिक’ची आहे. तो नुसती जागा सांगतो, आणि इथे वेळही तितकीच महत्त्वाची. वाढत्या अक्षतंतूच्या टोकाला वृद्धिशंकू (ग्रोथ कोन) असतो (नाव स्पॅनिश चेताशास्त्रज्ञ काहालने १८९० मध्ये दिलं, जिवंत पाहिला तर शंकूपेक्षा बोटं पसरलेल्या पंजासारखा दिसतो). नेट्रिनसारखा मार्गदर्शक रेणू एका बाजूने आला की शंकू काही मिनिटांत वळतो. वळायला ॲक्टिन हे सांगाड्याचं प्रथिन लागतं. पेशीकायेत (पेशीच्या मुख्य भागात) बनलेलं ॲक्टिन अक्षतंतूतून दिवसाला फार तर ८ मिलिमीटर सरकतं. १० मिलिमीटरवरच्या टोकाला ते पोचायला दिवसाहून जास्त लागेल. शिवाय ते दोन्ही बाजूंना सारखंच मिळेल, मग वळायचं कुठे?

म्हणून एमआरएनएच आधी टोकाशी नेऊन ठेवलेला असतो. बीटा-ॲक्टिनच्या एमआरएनएच्या शेपटाकडे ५४ अक्षरांचा ‘पत्ता’ असतो. त्याला झेडबीपी१ हे प्रथिन धरतं आणि वाटेत भाषांतरण रोखून ठेवतं. नेट्रिनचा संकेत आला की ती पकड सुटते आणि त्याच बाजूला ॲक्टिन जास्त बनतं. सेमाफोरिन३ए हा दूर सारणारा रेणू आला तर आरएचओए हे प्रथिन बनतं आणि शंकू आक्रसतो. २००१ मध्ये चेताशास्त्रज्ञ क्रिस्टीन होल्ट यांच्या प्रयोगशाळेने बेडकाच्या डोळ्यातले अक्षतंतू पेशीकायेपासून तोडूनही पाहिले: शंकू वळतच राहिले, प्रथिननिर्मिती रोखणारं औषध घातल्यावर थांबले.

आपल्याकडे यासाठी आयता शब्दप्रयोग आहे: ‘जागच्या जागी’. ‘जागच्या जागी उत्तर दिलं’ यात ठिकाण आणि तत्परता दोन्ही येतात. तेव्हा लेखात पहिल्यांदा ‘जागच्या जागी प्रथिननिर्मिती’ लिहावं आणि पुढे ‘स्थानिक भाषांतरण’ ही संज्ञा चालवावी.

आणखी एक, कारण ही चूक सर्रास होते: ‘प्रथिनाचं भाषांतरण’ लिहू नये. वहन एमआरएनएचं, भाषांतरणही एमआरएनएचंच. प्रथिन तयार होतं.