मुक्त सॉफ्टवेअर किती जण वापरतात, हे खासगीपणा जपून मोजता येते का?

तुम्ही बनवलेले मराठी टंकलेखनाचे मुक्त साधन किती जण वापरतात, असे तुम्ही विचारता; ते मोजता येते. मात्र तो आकडा अंदाजाचाच राहील. केवळ आयपी पत्ते (इंटरनेटवरील जोडणीचे क्रमांक) मोजले, तर नागपुरातील एखाद्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतील सगळे संगणक एकाच जोडणीमागे असल्याने एकच गणले जातात, आणि घरचा पत्ता वरचेवर बदलत असल्याने धरमपेठेतील एकच लॅपटॉप अनेकदा मोजला जातो. फेडोरा या लिनक्सवर आधारित मुक्त संगणकप्रणालीने २०२० मध्ये, बत्तिसाव्या आवृत्तीपासून, यावर काढलेला तोडगा मला सर्वांत सभ्य वाटतो: पॅकेजांची (बसवायच्या सॉफ्टवेअरच्या संचांची) माहिती मागवताना संगणक आठवड्यातून एकदाच १ ते ४ मधील एक अंक पाठवतो, ज्यावरून ती प्रणाली पहिल्या आठवड्यात, पहिल्या महिन्यात, सहा महिन्यांच्या आत की त्याहून जुनी आहे एवढेच कळते, आणि कोणताही ओळखक्रमांक सोबत जात नाही. डेबियन या दुसऱ्या मुक्त प्रणालीचे पॉपकॉन हे वापर मोजण्याचे साधन बसवलेल्या पॅकेजांची यादीच पाठवते, म्हणून ते संमतीनंतरच चालते, आणि तसेच असायला हवे. तुम्ही फेडोराचा मार्ग घ्यावा. आयपी पत्ता सर्व्हरला दिसतोच, तेव्हा त्याच्या नोंदी लवकर पुसाव्यात. टंकलेला मजकूर तर कोणत्याही कारणासाठी पाठवू नये.